भाजे लेण्यातील वादक स्त्री

पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरावे. तेथून भाजे गाव पायी गाठता येते व गावातून पायऱ्यांची वाट लेण्यांकडे चढते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेली ही २२ बौद्ध लेणी. चैत्यगृह, त्याच्या छताच्या लाकडी फासळ्या आणि १४ स्तूप पाहून बरीच मंडळी परत फिरतात. वाचकांनी मात्र दक्षिणेकडील शिल्पांच्या विहारापर्यंत अवश्य जावे.

भाजे येथील एका शिल्पात एक स्त्री नाचते आहे व दुसरी तिला तालवाद्यांच्या जोडीवर साथ देते आहे. तबल्याचा जन्म कोठे झाला, या जुन्या वादात हे शिल्प नेहमी पुढे केले जाते. अमीर खुस्रो (१२५३-१३२५) यांनी पखवाज मधोमध कापून तबला केला, अशी कथा घरोघर सांगतात. पण खुस्रोंच्या लिखाणात तिला आधार नाही. आजच्या तबल्याचा भरवशाचा पुरावा अठराव्या शतकातला आहे. शिवाय तबल्याचा प्राण म्हणजे पुडीवरची शाई. ती दगडात ओळखणार कशी? तेव्हा भाजे येथे तबलाच आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वाजवणारी स्त्री आहे, हे मात्र उघड दिसते.

अमेरिकेत रॉक अँड रोलच्या जन्माबद्दल असाच वाद आहे. १९५१ साली मेंफिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'रॉकेट ८८' ही पहिली तबकडी, असे पुष्कळजण मानतात. तिच्यावर नाव जॅकी ब्रेन्स्टनचे, पण वाद्यवृंद होता आयक टर्नरचा. त्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय गायिका इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीते गाजवीत होती. एल्विस प्रेस्लीने १९५६ मध्ये गायिलेले 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. जगभर नाव झाले ते प्रेस्लीचे.

'पहिला कोण' या भांडणात कष्ट करणारे हात असे मागे पडतात. समोरच्या कार्ले लेण्यांतील शिलालेखांत गंध विकणाऱ्याचे व सुताराचेही नाव कोरलेले आहे. भाजे येथील वादक स्त्रीचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मुलांना तेथे न्याल तेव्हा वाद्याबरोबर तिच्याकडेही बोट दाखवा. लेणी पश्चिमाभिमुख आहेत. दुपारनंतर उजेड चांगला पडतो.