दगड गेला, मग दिसला!

१६ ऑगस्ट २०२०, रविवार, सकाळचे ९ वाजून ३८ मिनिटं. पोळा तोंडावर आलेला, कोरोनामुळं देवळं बंद, आणि तिकडं दक्षिण हिंदी महासागरावरून एक दगड पृथ्वीपासून फक्त २,९५० किलोमीटरवरून सटकला. वेग सेकंदाला १२ किलोमीटरच्या वर! पंजाबातून शीख भाविक आपल्या नरसीला नामदेव महाराजांच्या जन्मगावी येतात ना, त्यांची घुमान ते नरसी ये-जा याहून लांब पडते. आणि कुणालाही पत्ता नाही. नासालासुद्धा नाही!

हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेना झालंय. पारावर, एसटीत, किराणा दुकानात, भेटेल त्याला हेच सांगतोय.

बरं, तो शोधला कुणी? पवईच्या आयआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी! कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा. तो धातुशास्त्राचा, ती मेकॅनिकलची. खगोलशास्त्र ही दोघांचीही शाखा नव्हे. प्राध्यापक वरुण भालेराव यांच्याकडं लघुग्रह शोधायचं काम चालू होतं, त्यात ही दोघं होती. फोटो कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेचे. तिथला झेडटीएफ कॅमेरा रात्रभर आकाश टिपतो, एकेका फोटोला ३० सेकंद. तेवढ्या वेळात तारे ठिपकेच राहतात, पण जवळून पळणाऱ्या दगडाची रेघ उमटते. अशा रेघा संगणक वेचून काढतो. गंमत अशी की उपग्रहही रेघच ओढतात, म्हणून शेवटी माणसालाच बसून एकेक रेघ डोळ्यांखालून घालावी लागते.

मी तो फोटो मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून पाहिला. ठिपकेच ठिपके, मधोमध एक रेघ, तिच्याभोवती गोल केलेला. बस्स, एवढंच! हा फोटो निघाला तेव्हा दगड जवळून जाऊन सहा तास उलटले होते. तीन ते सहा मीटरचा तो जीव. आपल्याकडं वळला असता तरी वातावरणातच फुटून जळाला असता. पण पृथ्वीच्या ओढीनं त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली, म्हणजे पृथ्वीनं जाता जाता त्याचं तोंडच फिरवलं. नाव काय, तर २०२० क्यूजी. इतक्या भन्नाट दगडाला इतकं रुक्ष नाव!

न आदळता इतक्या जवळून जाण्याचा त्याचा विक्रम तीन महिनेही टिकला नाही. त्याच नोव्हेंबरात २०२० व्हीटी४ हा ३७० किलोमीटरवरून गेला, आणि तोही गेल्यावरच कळला.

आता नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा, जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा तक्ता रोज उघडून बसतो. तारीख, अंतर, वेग, अंदाजे आकार. अंतर चंद्राच्या हिशेबात: चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर, तो एक धरायचा. एकाच्या आतला आकडा दिसला की ओरडतोच. पृथ्वीच्या शेजारपाजारच्या अशा ज्ञात लघुग्रहांची संख्या २०२५ च्या अखेरीस ४०,००० च्या पुढं गेली.

बहुतेक चुकून जातात, पण एक चुकला नव्हता. रिसोडवरून लोणारला जा आणि सरोवराच्या काठावर उभे राहा. आरपार अंतर १.८ किलोमीटर, आणि काठाचे बेसाल्टचे थर आतून ढकलल्यासारखे वर उचललेले. आपण पाणी बघतो, दैत्यसूदनाचं देऊळ बघतो आणि परत येतो. त्या थरांकडं बघा हो जरा!

आणि खरी मेजवानी पुढंच आहे. अपोफिस! सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह. २००४ मध्ये सापडला तेव्हा काही दिवस तो २०२९ ला आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. आता हिशेब पक्का झालाय, पुढची शंभर वर्षं तरी धोका नाही. पण जाणार किती जवळून? जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटर! छतावरची डिश ज्या उपग्रहाकडं तोंड करून असते, तो याहून लांब आहे. वेळ आपल्या घड्याळात १४ एप्रिल २०२९, पहाटे सव्वातीन. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशियात तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. आपण जरा पूर्वेला पडतो, तरी आदल्या रात्री प्रयत्न करायचाच. आंबेडकर जयंतीसाठी त्या रात्री बारापर्यंत माणसं जागी असतातच. हिंगोली, सेनगाव, औंढा, कुठंही कुणाकडं दुर्बीण असेल तर आत्ताच सांगून ठेवा, गच्ची आमची.