टेबलावरचा दुसरा पडदा

वाचकहो, लिहिणाऱ्याच्या टेबलावर पूर्वी किती वस्तू एकाच वेळी डोळ्यांसमोर असत, याचा हिशेब आपण कधी केला आहे काय? मी भाषांतराचे काम करते. १९८० साली विवाहानंतर दिल्लीस आले, तेव्हा करोलबागेतील आमच्या दोन खोल्यांत एक जुने सागवानी टेबल होते. डावीकडे मूळ इंग्रजी पुस्तक उघडे असावयाचे व ते मिटू नये म्हणून त्यावर पितळेचा अडकित्ता ठेवलेला असे. समोर फुलस्केप कागद, आणि उजवीकडे मोल्सवर्थसाहेबांचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा जाडजूड कोश, अर्थात पुनर्मुद्रित. मूळ वाक्य, माझे वाक्य व शब्दाची खातरजमा ही तिन्ही कामे मान किंचित इकडे-तिकडे वळविली की होत.

पुढे मुलाने लॅपटॉप आणून दिला. खाडाखोड संपली, प्रती काढणे सुलभ झाले, हस्तलिखित टपालात गहाळ होण्याचे भय गेले. हे सारे उपकार मी मान्य करते. परंतु त्या यंत्राने माझे टेबल नेले आणि त्याऐवजी एक खिडकी दिली. खिडकीतून एका वेळी एकच दृश्य दिसते. मूळ लेख उघडावा तर भाषांतर झाकले जाते, आणि दोन्ही शेजारी-शेजारी मांडावीत तर अक्षरे मुंगीएवढी होतात. ज्यांनी भाषांतर केले नसेल त्यांना ही अडचण क्षुल्लक वाटेल. तथापि इंग्रजी वाक्याचे क्रियापद आरंभीच येऊन बसते व मराठीचे अगदी शेवटी, त्यामुळे मूळ वाक्य संपूर्ण दिसल्यावाचून मराठी वाक्यास हात घालता येत नाही. अर्धे वाक्य डोक्यात धरून पडदा पालटावयाचा, एवढ्यात ते निसटावयाचे, आणि पुन्हा मागे जावयाचे, असे दिवसाकाठी शेकडो वेळा होत असे.

याहून मोठी अडचण मानेची. लॅपटॉपचा पडदा व कळफलक बिजागरीने जखडलेले असतात. हातांच्या सोयीने यंत्र ठेवावे तर अक्षरे खाली राहतात व मान वाकते. अक्षरे डोळ्यांसमोर यावीत म्हणून यंत्र उंचावर ठेवावे तर हात अधांतरी लोंबकळतात. ज्या यंत्रात हात आणि डोळे यांपैकी एकाचीच सोय होऊ शकते, ते प्रवासासाठी उत्तम असेल, दिवसभराच्या कामासाठी नव्हे. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर दिवाणजी उतरत्या डेस्कासमोर बसून कीर्द लिहीत. तो उतार काही शोभेसाठी नव्हता!

यजमानांच्या निधनानंतर मी नोएडास मुलाकडे राहावयास आले. २०२२ च्या हिवाळ्यात माझ्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी मानेची छायाचित्रे काढून मणक्यांची झीज दाखविली व सांगितले की, एक तर काम थांबवा, नाही तर अक्षरे डोळ्यांपर्यंत वर आणा. मुलास पहिला पर्याय अर्थातच सोयीचा वाटला.

“आई, आता पुरे कर. तू काही पैशांसाठी हे करीत नाहीस,” तो म्हणाला.

“पैशांसाठी नाही, असे तुला कोणी सांगितले?” मी विचारले.

तो चकित झाला. वाचकहो, आणि विशेषतः माझ्या वयाच्या वाचक भगिनींनो, आपल्या श्रमांस घरातील माणसे किती सहजपणे ‘विरंगुळा’ म्हणतात, हे आपण जाणताच. माझ्या औषधांचा व प्रवासाचा खर्च मी त्या विरंगुळ्यातून करीत असते. सूनबाई गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी करते. तिने मात्र वाद न वाढविता एवढेच म्हटले, “आई, तुम्ही मॉनिटर का घेत नाही? आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर तो असतो. मान सरळ राहते.”

घरात दूरचित्रवाणीचा संच होता. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, त्या काळात नातवाचा वर्ग आम्ही त्यावरच भरवीत असू. तेव्हा नवा खर्च करण्यापूर्वी तोच उपाय करून पाहिला. परंतु तो पडदा सोफ्यावरून पाहण्यासाठी भिंतीवर टांगलेला, आणि मी लिहावयाची टेबलाशी बसून. शिवाय अनेक संच येणाऱ्या चित्राच्या कडा थोड्या कातरतात. ओळींचे आरंभ व शेवट भिंतीत गेल्यासारखे दिसत. ही गोष्ट संचाच्या ‘पिक्चर’ विभागात जाऊन दुरुस्त करता येते, व ती आम्ही केलीही. पण माझा प्रत्येक खोडलेला शब्द साऱ्या दिवाणखान्याने वाचावा, ही कल्पना मला रुचली नाही.

म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी नेहरू प्लेसला गेलो. नोएडाच्या बोटॅनिकल गार्डन स्थानकावरून मॅजेंटा मार्गिकेने कालकाजी मंदिर, आणि तेथून व्हायोलेट मार्गिकेचे पुढचेच स्थानक. दिल्लीच्या १९६२ सालच्या महायोजनेत शहराच्या निरनिराळ्या भागांत व्यापारकेंद्रे वसविण्याचा संकल्प होता, त्यांतूनच हे केंद्र उभे राहिले. आज संगणकांचा बाजार म्हणून त्याचा लौकिक आहे, परंतु त्याच आवारात कापडाची दुकानेही भरपूर आहेत. एका हातात पडद्याची पेटी आणि दुसऱ्या हातात पडद्याचे कापड घेऊन परतणारी कुटुंबे मी तेथे पाहिली. पायऱ्या चढताच “मॅडम, क्या चाहिए?” असे पुकारे सुरू होतात. तेथे गोंधळून जावयाचे नसेल तर एकच युक्ती सांगते: आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि दुकानातच जोडून पाहावा. ते शक्य नसेल तर त्याच्या दोन्ही कडांची छायाचित्रे तरी फोनमध्ये असू द्यावीत, कारण सारा प्रश्न त्या कडांवरील छिद्रांचा असतो.

या छिद्रांचाही एक वंशवृक्ष आहे. निळ्या टोकाची, दोन स्क्रूंनी आवळावयाची, तीन ओळींत पंधरा टाचण्या असलेली दोरी आपण कचेऱ्यांतून पाहिली असेल. ती व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ साली ती आणली. ती चित्र नेते, आवाज नेत नाही. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आदी कंपन्यांनी तिला निरोप देण्याचे जाहीर केले, तरी जुन्या प्रक्षेपकांना ती अद्याप चिकटून आहे. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आली. तिच्यात एकोणीस टाचण्या असतात आणि चित्र व आवाज एकाच दोरीने जातात. आपल्या दूरचित्रवाणी संचामागे असते तीच ही. आणि २०१४ पासून आलेले ते लहान, लांबट गोल, उलटसुलट कसेही बसणारे छिद्र म्हणजे यूएसबी-सी.

या शेवटच्या छिद्राविषयी सावध असावे. बाहेरून सारखी दिसणारी अशी दोन छिद्रे आतून सारखी असतातच असे नाही. काही केवळ वीज व माहिती नेतात, तर काही चित्रही नेतात. छिद्राशेजारी बाणासारखी वीज किंवा ‘डी’ व ‘पी’ ही अक्षरे गुंफलेले चिन्ह कोरलेले असेल तर चित्र मिळण्याची आशा धरावी. नसेल तर यंत्रासोबतची पुस्तिका पाहावी. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय होते, म्हणून काम साध्या दोरीवर भागले. सूनबाईच्या कंपनीच्या लॅपटॉपला मात्र केवळ यूएसबी-सी असल्याने तिच्यासाठी एक जोडतुकडा घ्यावा लागला. दुकानदाराने तो आमच्यासमोर लावून चित्र दाखविले, मगच आम्ही पैसे दिले.

चोवीस इंची पडदा घेतला. माझा लॅपटॉप चौदा इंची. आकडे पाहून तो दुपटीहून लहानच भरेल असे वाटेल, परंतु इंच हे कर्णाचे माप असते. क्षेत्रफळ काढाल तर मोठा पडदा लहानाच्या जवळजवळ तिप्पट आहे. गेलेले टेबल परत मिळाले, असे मी म्हणते ते याच हिशेबाने.

जोडणी अवघड नाही. पडद्यास वीज द्यावी, दोरीचे एक टोक त्यात व दुसरे लॅपटॉपमध्ये बसवावे. एवढे करून पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली तर घाबरू नये. पडद्याला मागे एकाहून अधिक दारे असतात व तो बहुधा भलत्याच दाराशी पाहुण्याची वाट पाहत उभा असतो. पडद्याखालची कळ दाबून योग्य दार निवडावे. नंतर विंडोज प्रणालीत खिडकीचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून ‘पी’ दाबली की चार पर्याय पुढे येतात: केवळ संगणकाचा पडदा, दोन्हींवर एकच चित्र, दोहोंचा मिळून एक विस्तीर्ण पडदा, आणि केवळ दुसरा पडदा. यांतील दुसरा म्हणजे ‘डुप्लिकेट’ बहुतेक लोक निवडतात आणि मग विचारतात की, एवढा खर्च करून मिळाले काय? तेच ते चित्र दोन ठिकाणी दिसणे सभेत भाषण करणाऱ्यास उपयोगी. काम करणाऱ्याने तिसरा, म्हणजे ‘एक्स्टेंड’, निवडावा.

आता मूळ इंग्रजी पुस्तक डावीकडे लॅपटॉपवर असते, समोर मोठ्या पडद्यावर माझे मराठी, आणि त्याच पडद्याच्या उजव्या भागात मोल्सवर्थ. तो कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर उपलब्ध करून दिला आहे. माझी जाड प्रत आता कपाटात असते. लॅपटॉप डावीकडे असूनही यंत्राने सुरुवातीस तो उजवीकडे धरला होता, त्यामुळे बाण कडेला जाऊन भिंतीवर आपटल्यासारखा थांबे. ‘डिस्प्ले’च्या मांडणीत १ व २ असे अंक लिहिलेले दोन चौकोन दिसतात. टेबलावर जशी मांडणी असेल तसे ते सरकवले की बाण सुतासारखा सरळ येतो.

उंचीचे एक सांगावयाचे राहिले. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी व पडदा हातभर दूर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पण माझ्यासारखे जे दुहेरी भिंगांचा चष्मा लावतात, ते वाचण्यासाठी खालच्या भिंगातून पाहतात व नकळत हनुवटी वर करतात. मग मान पुढे वाकण्याऐवजी मागे वाकते, एवढाच काय तो लाभ! आम्ही पडदा चार बोटे खाली घेतला आणि त्या अंतरापुरता एक वेगळा चष्मा करून घेतला. वेगळा कळफलकही हवाच, त्यावाचून ही सारी खटपट अर्धीच राहते. बोटांच्या मुंग्या तीन-चार महिन्यांत पुष्कळ कमी झाल्या. त्यात व्यायामाचाही वाटा आहे, सारे श्रेय मी पडद्यास देत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली व आसपासची हवा इतकी बिघडली की, शाळांचे वर्ग पुन्हा घरांतून भरू लागले. वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांवर पाहावे, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. त्या दिवसांत आमच्या गॅलरीतून समोरची इमारत धुरकटाच्या मागे गेली होती. सूनबाईसही घरूनच काम करण्याची सूचना आली. माणसे तीन, मोठा पडदा एक. पहिल्याच सकाळी मुलाने माझी दोरी काढून नातवाच्या लॅपटॉपला लावली. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मुलाचे शिक्षण आधी, नोकरी मग, आणि आजीचे काम उरल्या वेळात, हा क्रम त्याला इतका स्वाभाविक वाटला की विचारण्याचेही त्यास सुचले नाही. माझ्या पुस्तकाची मुदत डिसेंबरअखेरची होती.

मी म्हटले, “पडदा कोणास हवा ते वयावरून नको, कामावरून ठरवू या.” नातू पाचवीत. त्याला शिक्षिकेकडे पाहावयाचे व वहीत लिहावयाचे असते. त्याला पाहण्यापुरता पडदा हवा, लिहिण्यास नव्हे. त्यासाठी भिंतीवरचा दूरचित्रवाणी संचच बरा, कारण तो डोळ्यांपासून लांब असतो. मला व सूनबाईस मात्र दोन कागद शेजारी-शेजारी लागतात. नातवाला संच मिळाल्याचे दुःख मुळीच झाले नाही. “पण आजी, मधल्या सुट्टीत क्रिकेट लावायचं हं,” एवढीच त्याची अट होती. सकाळी सात ते एक मोठा पडदा माझा, एकनंतर सूनबाईचा, असे ठरले. मुलगा काही वेळ गप्प होता. नंतर त्यानेच खिळा मारून टेबलाच्या कडेस दोरी अडकविण्याची सोय केली, म्हणजे ती रोज मागे हात घालून उपसावी लागू नये.

वीज गेली की मोठा पडदा मावळतो आणि त्यावरचे लिखाण बहुधा आपोआप लॅपटॉपवर येऊन उभे राहते. त्याची बॅटरी चालूच असते. पहिल्यांदा असे झाले तेव्हा सूनबाईच म्हणाली, “थांबा आई, काही गेलेले नाही.” ते पुस्तक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठविले. सध्या दुसऱ्या पुस्तकाचे सातवे प्रकरण डावीकडे उघडे आहे. आता साडेबारा वाजले आहेत, आणि एकच्या ठोक्यास दोरी सूनबाईकडे जावयाची असल्याने हा लेख येथेच थांबवून मला उरलेले पान पुरे करावयाचे आहे.