महागडा चेंडू

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या संघासाठी मी हौसेने फोर-पीस लेदर बॉल आणला, स्वतःच्या पैशांनी. तिसऱ्याच षटकात आठवीतल्या एका मुलाने षटकार मारला आणि चेंडू नाल्यात गेला. पोरे टाळ्या वाजवायचीच विसरली. पुढचे दोन दिवस तो मुलगा खेळायला आला नाही. घरी गेलो, तर त्याची अम्मी म्हणाली, "सर, बॉलचे पैसे थोडे थोडे करून देते." मला फार शरम वाटली.

कातड्याच्या चार तुकड्यांचा चेंडू आकार आणि शिवण जास्त टिकवतो, हे खरे. पण आमच्या खडकाळ मैदानावर तोही लवकर सोलवटतो. आणि शिवणीचा फायदा घ्यायला आधी मनगट तयार लागते. वजन म्हणाल तर मोठ्या पुरुषांचा चेंडू, साधा असो की महाग, १५६ ते १६३ ग्रॅमच भरतो.

अब्बा म्हणायचे, चादर पाहून पाय पसरावेत. आता आम्ही टू-पीसच वापरतो. एकाच्या पैशांत दोन येतात. तो मुलगाही परत आलाय. फटका मारल्यावर आता तो नाल्याकडे बघत नाही, धाव घेतो.