राखेआडची ऊब

वरची राख गारच असते. बोटं जरा खोल गेली की ती पिठासारखी मऊ लागते, आणि मग खालून ऊब वर येते. निखारा अजून दिसत नाही, पण तो आहे एवढं हाताला कळतं. कोकणातल्या घरी जेवणं आटोपली की आजी चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायची, आणि पहाटे चिमट्यानं राख सारून, वर शेणीचा तुकडा ठेवून, फुंकणीनं सावकाश फुंकत राहायची, जणू आत कुणी निजलंय आणि त्याला दचकवायचं नाहीये. चूल गेली. आजीही गेली. ती ऊब पुन्हा भेटली ती मात्र एका खेळात, पुण्यातल्या एका दिवाणखान्यात, फाशांच्या खडखडाटात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी जगापुढे आणला, पण त्यात घडतं ते बहुतेक बोलण्यातूनच, आणि आम्ही बोलतो मराठीत. माझं पात्र इर्ना, एक क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण. त्या काल्पनिक जगात देव पुष्कळ: दुःख सोसणाऱ्यांचा इल्मेटर, पहाटेचा लाथँडर. शांत स्वभावाच्या पुजारणीला कुणीही यांच्यातलाच एखादा दिला असता. मी घेतला कोसुथ, ज्वालांचा स्वामी, जो चांगल्याचा नाही आणि वाईटाचाही नाही. थे देशातले क्रूर लाल जादूगारही त्यालाच भजतात, आणि तो त्यांना दूर लोटत नाही.

मला तो परका वाटलाच नाही. ज्या आगीवर आमचा भात शिजला, तिनंच आजोबांना नेलं, आणि दोन्ही वेळी ती तितकीच लख्ख होती. तिच्याकडे दया मागायची नसते. दया करायची ती जवळ बसणाऱ्यानं. किती लाकूड सारायचं, कधी ओढून घ्यायचं, हे त्याच्या हातात. उदवाड्याला पारशांचा इराणशाह 1742 पासून तेवतो आहे. तिथले धर्मगुरू अग्नीपुढे जाताना आपला श्वास त्याला लागू नये म्हणून तोंडावर पांढरं वस्त्र बांधतात. माझी इर्नाही बांधते. एवढं एक मी तिच्यासाठी मागून आणलं आहे, हात जोडून.

लढाई सुरू झाली की मित्र ओरडतात, ‘‘अगं, बर्निंग हँड्स टाक ना!’’ तिच्या तळव्यांतून पंधरा फुटांपर्यंत ज्वाळा फाकते आणि वाटेत येईल त्याला भाजते, आपला असो की परका. इर्ना ती टाकत नाही. वार मित्रावर येतो तेव्हा ती शत्रूच्या डोळ्यांपुढे उजेडाचा एक लोळ उठवते, त्याचा नेम ढळावा एवढाच. पडलेल्याच्या छातीवर हात ठेवून त्याचा प्राण धरून ठेवते. आणि सगळं निवलं की, पावसात भिजलेल्या सरणाला तीच ज्वाळा लावते. ज्यांनी आम्हाला मारायला तलवार उपसली होती, त्यांच्याही सरणाला. अशा वेळी टेबलावर कुणी बोलत नाही, फासा हातात तसाच राहतो.

एकदा आम्ही डोंगरातल्या दोन गावांशी येऊन ठेपलो, ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या विस्तव जात नव्हता. खेळ चालवणारा आमचा डीएम म्हणाला, ‘‘खालच्या गावात पूर आलाय. एकही चूल पेटलेली नाही. काय करतेस?’’ माझ्या तोंडून विचाराआधीच निघालं, ‘‘वरच्या गावात जाते. एका म्हातारीच्या दारात उभी राहते आणि विस्तव मागते.’’ फासा टाकला. म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग तिनं राख सारली, शेणीचा एक धुमसता तुकडा मडक्यात घातला, वर पुन्हा राख पसरली, आणि कुणासाठी ते विचारलं नाही. ते मडकं पोटाशी धरून इर्ना अंधारात डोंगर उतरली तेव्हा माझे तळवे, खरोखरचे, टेबलाखाली गरम झाले होते.

‘‘आणि कोसुथ? तो काही म्हणतो?’’ डीएमनं विचारलं. काही नाही. तो दोन्ही गावांत सारखाच जळला.

आता इर्ना पाचव्या पातळीवर पोचेल, आणि फायरबॉल तिच्या मंत्रांत आपोआप येईल. वीस फुटांच्या त्रिज्येत काही न उरवणारी आग. मित्रांनी तो कुठे टाकायचा ते ठरवूनही ठेवलं आहे. मला त्याची भीती वाटते, आणि तो हवाही आहे. आजवर तिचं शांत राहणं त्या मानानं सोपं होतं. एवढी आग हाताशी असताना ती काय करते, कुणाच्या दारात कशी उभी राहते, हे मला तिच्याबरोबर बसून बघायचं आहे.