खिशातला डावा हात

विजेवर चालणाऱ्या वस्तूंची एक सभ्य रीत असते. कळ बंद केली की त्या निमूट होतात. व्हॉल्व्हचा गिटार-अ‍ॅम्प्लिफायर ही रीत पाळतोच असे नाही. आणि सुट्या भागांचा संच आणून तो घरच्या टेबलावर जोडू पाहणाऱ्याला पहिल्यांदा हेच शिकावे लागते.

नवशिक्याच्या वाट्याला पुष्कळदा ‘चॅम्प’ येतो. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे १९३८ मध्ये रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडर यांनी पुढे जे अ‍ॅम्प्लिफायर घडवले, त्यांतला हा धाकटा. तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, आवाजाची एकच गुंडी, आठ इंची स्पीकर, आणि शक्ती जेमतेम पाच वॉट. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला जे रूप आले, त्यावरच आजचे अनेक संच बेतलेले असतात. त्याची आकृती पोस्टकार्डावर मावेल.

पण या लहानखुऱ्या पेटीत तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब खेळत असतो. गिटारवादकांना प्रिय असलेला तो किंचित फाटलेला, ऊबदार स्वर या दाबाच्याच आधाराने उमटतो. पेटीतल्या कंडेन्सरांत त्याचा साठा होतो. सारे ठाकठीक असेल तर वीज तोडल्यावरही तापलेले व्हॉल्व्ह काही क्षण प्रवाह वाहू देतात आणि साठा आपोआप उतरतो. मात्र व्हॉल्व्ह काढलेला असेल, किंवा एखादा डाख सुटला असेल, तर त्याला वाट उरत नाही. कारण तो जिरवणारा स्वतंत्र रेझिस्टर मूळ आराखड्यात नाहीच. (शहाणा माणूस जोडणी करतानाच तो घालून घेतो.) म्हणजे पेटी उघडली जाते ती बहुधा बिघाड झाल्यावर, आणि नेमकी तेव्हाच तिच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असू शकते.

म्हणून जाणते लोक आधी प्लग काढून नजरेसमोर ठेवतात, मीटरची काळी तार चिमट्याने चॅसिसला अडकवतात, डावा हात खिशात घालतात आणि एकाच हाताने मोजतात. दोन्ही हात आत गेले तर प्रवाहाची वाट छातीतून जाते. आकडा मोठा दिसला तर दहा किलोओहमचा, काही वॉट सोसणारा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारेने लावून साठा उतरवतात, आणि पुन्हा मोजतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून मोकळे होण्याची मर्दुमकी काहीजण मिरवतात; ती कंडेन्सरलाही मानवत नाही.

हे भय जोडणाऱ्यापुरतेच असते, तर गोष्ट इथेच संपली असती. परंतु बहुतेक विद्युत्-गिटारींच्या तारा केबलच्या बाहेरच्या वेष्टनातून थेट चॅसिसशी जोडलेल्या असतात. चॅसिसमध्ये वीज उतरली की ती वादकाच्या बोटांशी पोहोचते. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरांना दोनच पिनांचा प्लग असे, आणि याचा विचार फारसा कोणी करत नसे. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याने हात लावलेला मायक्रोफोन नीट अर्थ केलेला नव्हता. (मेकॅनिकच्या तोंडचा हा ‘अर्थ’ ऐकून साहित्याच्या विद्यार्थ्याने घटकाभर थबकावे.) तेव्हा तिसरी, हिरवी तार स्वतंत्र बोल्टने चॅसिसला घट्ट आवळायची, आणि ती इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची. दोर हिसकला गेलाच, तर सर्वांत शेवटी ती तुटावी.

परदेशी संच मागवणाऱ्याने ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा आहे ना, हे आधीच पाहिलेले बरे. मग जुन्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतला सिरीज बोर्ड कामी येतो. त्यात साधा, तारेचा, साठ वॉटचा बल्ब अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत एकसरीत जोडलेला असतो. एलईडी इथे निरुपयोगी. स्पीकर जोडल्याशिवाय कळ दाबायची नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून तो मंदावला, तर खोलीतल्या सर्वांचा श्वास मोकळा होतो. व्हॉल्व्ह लालसर होतात, स्पीकर हलकेच गुणगुणतो.

गिटार बहुधा घरातल्या मुलाची किंवा मुलीची असते, आणि ती घेऊन कोणीतरी दारात केव्हाचे उभे असते. तरी प्लग पुन्हा काढला जातो. केबल गिटारला जोडून मीटरचे एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरे गिटारच्या तारेला लावायचे. मीटर वाजतो. सहाही तारांवर तो वाजेपर्यंत गिटार कोणाच्या हाती जात नाही.