अडीच तासांचे पाहुणे

प्रवास म्हणजे एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या दोहोंच्या मध्ये वाट पाहण्यात जो वेळ जातो, तो बहुतेक प्रवासी हिशेबातच धरीत नाहीत. डुलक्या घेत किंवा दुकानांच्या काचांतून डोकावत तो कसाबसा ढकलावयाचा, एवढेच त्यांना ठाऊक असते. परंतु वाट पाहण्याचा वेळही आपल्याच आयुष्यातला असतो. त्याचा मान राखला, तर तो आपणांस रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी मी व माझी पत्नी ऑस्ट्रेलियातील पर्थ या शहरी मुलीकडे निघालो होतो. वाटेत सिंगापूरला विमान बदलावयाचे होते. सकाळी ८ वाजता आम्ही तेथे उतरलो; पुढचे विमान सायंकाळी साडेपाचला होते. मोठे सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार होते आणि शहरात जाण्याची परवानगी आम्ही निघण्यापूर्वीच मिळविली होती.

प्रथम मी मनगटावरील घड्याळ अडीच तास पुढे केले. कारण सिंगापूरची वेळ आपल्या वेळेच्या तितकी पुढे आहे. मग कागद घेऊन हिशेब मांडला. हा हिशेब शेवटाकडून आरंभाकडे मांडावा लागतो. विमान साडेपाचला, म्हणून विमानतळावर ३ वाजता परतलेच पाहिजे. परतीच्या वाटेला दीड तास. तपासणी आटोपून बाहेर पडण्यास दीड तास आणि जाण्यास दीड तास. साडेनऊ तासांतून खरोखर हाती उरले ते अवघे अडीच!

शेजारी बसलेल्या एका सज्जन प्रवाशाने आम्हांला पाहण्यासारख्या सहा स्थळांची नावे सांगितली. सहाही स्थळे नामांकित. माझे मन क्षणभर दोलायमान झाले. तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, सहा दारांत डोकावण्यापेक्षा एका घरी घटकाभर बसू या.” तिचे म्हणणे मला पटले. आम्ही १८५९ साली स्थापन झालेले तेथील वनस्पती-उद्यान निवडले. २०१५ साली ‘युनेस्को’ने या उद्यानाला जागतिक वारशाचा मान दिला आहे.

वाटेत एकदाच गाडी बदलून भुयारी रेल्वेने आम्ही उद्यानाच्या दाराशी पोहोचलो. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चार भाषांना त्या देशात राजमान्यता आहे. परक्या मुलुखात फलकांवरची तमिळ अक्षरे दिसताच आपल्या देशातील कोणी ओळखीचा माणूस भेटावा, तसा आनंद झाला.

उद्यानात उंच वृक्षांची दाट सावली होती. विषुववृत्ताजवळचा तो प्रदेश. हवा दमट आणि हिरवाई ओसंडून वाहत असलेली. परंतु आम्ही ज्याच्या भेटीस आलो होतो, तो वृक्ष दिसण्यात अगदी साधा होता. करड्या सालीचे सरळ खोड आणि एका देठाला तीन तीन पाने. तो होता रबराचा वृक्ष. आपल्या एरंडाच्या कुळातला.

हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलचा. १८७६ साली हेन्री विकहॅम याने तेथून सुमारे ७०,००० बिया इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात नेल्या. रबराचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. त्यामुळे त्यांतील सुमारे २,७०० बियाच रुजल्या. त्या रोपांपैकी २२ रोपे १८७७ साली सिंगापूरला आली. म्हणजे या वृक्षाच्या पूर्वजांनाही वाटेत एक मुक्काम घडला होता. आणि त्या मुक्कामातच त्यांना अंकुर फुटला!

पुढे १८८८ साली हेन्री रिडली हे या उद्यानाचे प्रमुख झाले. खोडाला तिरप्या, उथळ खाचा पाडून झाडाचा जीव न घेता चीक काढण्याची रीत त्यांनी बसविली. रबराची लागवड करा, असे ते मळेवाल्यांना परोपरीने सांगत. लोकांनी त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणून हिणविले. परंतु मोटारींचे युग आले, चाकांना रबर हवे झाले आणि १९२० च्या सुमारास जगातील निम्मे रबर मलायाच्या प्रदेशात पिकू लागले. ज्यांना वेडे ठरविले, ते रिडली शंभरी ओलांडून १९५६ साली निवर्तले. आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

झाडाखाली एक तपकिरी, ठिपकेदार, गुळगुळीत बी पडले होते. फळ पिकले म्हणजे आवाज होऊन तडकते आणि बिया दूर उडतात. पत्नीने ते बी उचलले, तळहातावर फिरवून पाहिले आणि जेथल्या तेथे ठेवून दिले. बागेतील वस्तू बागेतच शोभते. शिवाय ऑस्ट्रेलियात परदेशातील बियांविषयी नियम फार कडक आहेत. एका बीमुळे देशांचे भाग्य कसे पालटते, हे नुकतेच वाचले असल्याने तो कडकपणा आम्हांला मुळीच जाचक वाटला नाही.

इतक्यात पाऊस कोसळू लागला. आम्ही एका छपराचा आसरा घेतला. पाऊस ओसरला तेव्हा १ वाजून गेला होता. ऑर्किडच्या फुलांची प्रसिद्ध बाग पाहावयाची राहिली होती. पाय तिकडे ओढ घेत होते. पण कागदावरचा हिशेब डोळ्यांपुढे होता. दीड वाजता आम्ही परत फिरलो आणि ३ वाजता विमानतळावर हजर झालो.

सायंकाळी विमान धावपट्टीवर धावू लागले, तेव्हा त्याच्या चाकांची घरघर मी लक्ष देऊन ऐकली. विमानाच्या टायरांत आजही मुख्यतः झाडापासून मिळणारे रबरच वापरतात. सकाळी ज्या चाकांचा विचारही मनात आला नव्हता, त्यांचे मूळ गाव आता मला ठाऊक झाले होते.

मुलांनो, तुम्हांलाही कधी मनमाडला किंवा मिरजेला गाडी बदलावी लागेल. तेव्हा ‘किती हा खोळंबा!’ असे म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. परतण्याची वेळ आधी ठरवा, वडीलधाऱ्यांना सोबत घ्या आणि या गावाचे वैशिष्ट्य काय, हे कोणाला तरी विचारा. मिरजेत सतार घडविणारा कारागीर भोपळ्यावर हात फिरविताना दिसेल. त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. सगळे गाव पाहून होणार नाही. परंतु एक गोष्ट मनापासून पाहिली, तर त्या गावाला आपण परके राहत नाही.