हिरड्यांतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका

ब्रश करताना रक्त दिसलं की आपल्याकडे काय करतात? त्या जागी ब्रश लावणंच सोडून देतात! मुलंही मग तेच शिकतात. खरं तर रक्त येतं ते दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे. तिथे घासणं थांबवलं की थर वाढतो, कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. मग कितीही घासा, ते निघत नाही. दातांच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. "साफ केले की दात हलतात" असं म्हणतात ना, तो दात बहुधा आधीच सैल झालेला असतो, कीटण गेल्यावर तो जाणवतो एवढंच.

नुसती सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, हलक्या हाताने, सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं. पण आतलं हाड झिजलं की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं, कीटण मात्र तिथंच. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांचा उपयोग होतो, पण डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरल्या तर दातांवर डाग पडतात. घरात कुणाला मधुमेह असेल तर जास्तच जपा, कारण साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात.

आता मशेरीबद्दल. माझी आई वर्षानुवर्षं मशेरी लावायची. "माझ्या हिरड्यांतनं कधी रक्त आलं नाही बघ," असं अभिमानाने सांगायची. पुढे खालचे चार दात हलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं: तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, आजार आत चालूच राहतो. ते दात काढावे लागले. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर वेगळाच.

म्हणून यंदा चौथीच्या मुलांना मी वेगळाच गृहपाठ दिलाय: रात्री घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत घेऊन ब्रश करायचा आणि वहीत लिहायचं. एका मुलीने लिहून आणलं, "आजीने नवा ब्रश घेतला. पण मशेरीची डबी अजून उशीखाली आहे."